राक्षसांचं माप घेणारा मिलिंद

रिझवानचा फोन आला तेव्हा मी सौंदडच्या शाळेत सातवीला अपूर्णांक शिकवत होतो. "मिलिंद गया यार," तो म्हणाला, आणि मग तुटक तुटक बाकीचं सांगत गेला... सकाळी दुकानात मोटरची तार गुंडाळता गुंडाळता छातीत कळ आली आणि संपलंच सगळं. तेहतीस वर्षांचा माणूस! मी खडू खाली ठेवला. खरं सांगतो, डोक्यात पहिला विचार आला तो असा की, आता आपल्याला मारणार कोण? वाचणाऱ्यांना मी वेडा वाटेन. पण मिलिंदनं तेरा वर्षं जवळजवळ दर रविवारी आम्हाला मारायचा मनापासून प्रयत्न केला, आणि तोही इतक्या इमानानं की तसं प्रेम मला फार थोड्या माणसांनी दिलं.

या गोष्टीला आता दोन महिने होऊन गेले. तोंड पाडून लिहावं म्हणून तीनदा बसलो, तिन्हीदा कागद फाडला. मिलिंदबद्दल हळू आवाजात बोलताच येत नाही. त्याची आठवण आली की मला आरडाओरडाच आठवतो. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दोन हजार एक साल. आम्ही कॉलेजात होतो. रिझवानचा मामेभाऊ नागपूरला इंजिनिअरिंगला, तो सुटीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आला. त्याची झेरॉक्स आम्ही गोंदियाला काढली. खेळ असा की, एकानं गोष्ट मांडायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं. वीराचं बळ किती, जीव किती, हे सगळं कागदावर आकड्यांत लिहायचं. गोष्टीत राक्षस आले की लढाई, आणि कोणाचा वार लागला हे ठरवायला वीस बाजूंचा फासा. तसला फासा गोंदियात कुठे मिळणार? मिलिंदनं हाउजीच्या सोंगट्यांतल्या एक ते वीस वेगळ्या काढल्या, आईच्या जुन्या ब्लाऊजच्या कापडाची थैली शिवली, आणि झाला आमचा फासा. सोंगटी काढायची, आकडा ओरडायचा, सोंगटी परत थैलीत टाकून थैली हलवायची. मांडणारा मिलिंद. वीर आम्ही तिघं: रिझवान, भूपेश आणि मी. जागा गोंदियालगत मुर्रीला मिलिंदच्या घरची पुढची खोली. खेळाचं खरं नाव आम्ही कधी घेतलंच नाही. घरचे म्हणायचे, "बसले बाप्पा कागदं घेऊन!"

त्या पुस्तकात प्रत्येक राक्षसासमोर तो किती कठीण, याचा एक आकडा छापलेला होता. पण तो आकडा चार वीर धरून काढलेला, आणि आम्ही तीन. त्यामुळे पहिले काही महिने नुसता गोंधळ. एका रविवारी राक्षस पहिल्याच फटक्यात आडवा, आमचा चहा व्हायच्या आत लढाई खतम. पुढच्या रविवारी तो आम्हा तिघांना चटणीसारखा वाटून काढायचा. रिझवान वैतागून म्हणायचा, "ये क्या है भाई, कभी चूहा कभी पहाड़!" मला त्यात काही वावगं वाटत नसे. खेळच तो, कधी हरायचं कधी जिंकायचं. मिलिंदला मात्र ते लागायचं. कॉलेज सांभाळून जळालेल्या मोटरी पुन्हा बांधायच्या, रिवायंडिंगच्या दुकानात काम शिकत होता तो. तार किती जाडीची, वेढे किती, याचा अंदाज चुकला की मोटर जळते हे त्याला रोज दिसत होतं. राक्षसाचंही तसंच माप असलं पाहिजे, असं त्यानं मनात घेतलं.

मग त्यानं पुस्तकातला आकडा सोडून दिला आणि स्वतःची पद्धत काढली. राक्षस मांडण्याआधी तो जेवणाच्या सुटीत दुकानात एकटाच बसून दोन्ही बाजूंनी खेळायचा. डाव्या हाताला राक्षस, उजव्या हाताला आम्ही तिघं, मध्ये जेवणाचा डबा. आपण त्याला किती फेऱ्यांत पाडू आणि तेवढ्यात तो आपलं काय करेल, हे पाच-सहा वेळा लढून बघायचा. चार फेऱ्यांत राक्षस पडला आणि तोवर आमच्यातला एक जण मरता मरता वाचला, की माप बरोबर. कोणाला ओरखडाही आला नाही, तर रविवार वाया. चार फेऱ्यांच्या आतच तिघं गार, तर तो राक्षस नाही, जुलूम! एकदा राइस मिलचा एक मुनीम मोटर न्यायला आला, तर हा सोंगटी काढून एकटाच ओरडतोय, "मेले! तिघं बी मेले!" मुनीम मोटर न घेताच परत गेला.

मिलिंदचे नियम तीन होते. राक्षसानं अंगावर येण्याआधी काहीतरी खूण दाखवायची, म्हणजे झाडाची सोललेली साल किंवा चिखलात उमटलेला पाय. पळायला एक वाट ठेवायची. आणि राक्षसाचे आकडे खेळ सुरू व्हायच्या आधी चिठ्ठीवर लिहून, घडी करून ताटाखाली ठेवायचे, नंतर त्यांना हात लावायचा नाही. "तुम्ही हरसान त तुमच्या चुकीनं हरसान," तो म्हणायचा, "माह्या मनात आलं म्हणून नाही."

आता उंदरांचं सांगतो. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं, म्हणून माझा वीरही तलाव खोदणारा, सोनबा. हातात तलवार नाही, कुदळ. दोन वर्षं मी त्याला वाढवला होता. त्या रविवारी मिलिंदनं एक पडकं गोदाम मांडलं आणि त्यात कोल्ह्याएवढे आठ उंदीर. आम्ही हसलो. उंदीर! भूपेश तर म्हणाला, "यायले त चपलेनं मारू." पहिल्या फेरीत आम्ही तिघांनी तीन वार केले, दोन उंदीर पडले. मग उरलेल्या सहांची पाळी आली. सहा वेळा थैलीत हात गेला... चौदा, नऊ, अठरा, सोळा, पाच, सतरा. चार चावे, आणि त्यातले तीन माझ्या सोनबाला! पुढच्या फेरीत आमच्या तीन वारांतला एकच लागला. परत पाच वेळा थैली हलली. मी ओरडलो, "पळा!" पण पळायच्या वाटेवर उंदीरच उभे. तिसऱ्या फेरीत सोनबा गेला. मिलिंद पांढरा पडला होता. त्यानं ताटाखालची चिठ्ठी काढून सगळ्यांसमोर उघडली. आकडे तेच होते, एकही बदललेला नव्हता. मी कागद त्याच्या अंगावर फेकला, "तूच मारलं बे त्याले," म्हणालो आणि निघून आलो.

तीन रविवार गेलो नाही. चौथ्या रविवारी मिलिंद पॅसेंजरनं सौंदडला आला. आमच्या घरच्या ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि खिशातून आकड्यांनी भरलेला कागद काढला. तेव्हा धानाचा हंगाम होता, राइस मिलच्या मोटरींची रांग लागली होती. त्या आठवड्यात त्याला एकटं खेळून बघायला वेळच मिळाला नव्हता. त्यानं नुसती बेरीज केली होती, आठ उंदरांचा जीव मिळून आधी मापलेल्या एका अस्वलाएवढा.

"पण अस्वल एका फेरीत एक डाव चावते," तो म्हणाला. "हे आठ डाव चावून राहिले. मी जीव मोजला, तोंडं नाही मोजले. चूक माही हाये."

माझा राग निम्मा तिथेच गेला. "मग कर ना सोनबाले जिता," मी म्हणालो.

"नाही."

"काऊन? तुही चूक हाये म्हणतेस ना?"

"हाये ना. म्हणून त आलो इथवर. पण चिठ्ठी लिवली ते लिवली." त्यानं कागदाची घडी घातली. "आज तुले सोनबा परत देल्ला, त उद्या तू जिंकशीन तवा तुले वाटन, मिलिंदनंच जिंकवलं. मंग कायले खेळाचं?"

मला ते पटलं नाही. तसं मी त्याला सांगितलंही. पण संध्याकाळच्या गाडीनं त्याच्याबरोबरच गोंदियाला गेलो, कारण घरी बसून तरी काय करणार होतो?

पटलं ते पुढच्या वर्षी. नवीन वीर घेऊन आम्ही एका बोडीत, म्हणजे छोट्या तलावात, उतरलो होतो. मिलिंदचा तो पाण्यातला राक्षस मी जन्मात विसरणार नाही. रिझवान पडलेला, भूपेशचा जीव दोनवर, राक्षसाची पाळी पुढची. माझ्याकडे शेवटचा एक वार, आणि एकोणीसच्या खाली काही चालणार नव्हतं. थैलीत हात घालून तळापर्यंत ढवळलं. सोंगटी वर काढली... वीस! आम्ही जे ओरडलो ते ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटलं सिलिंडर फुटलं. मिलिंद सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. आपलाच राक्षस मेला म्हणून उड्या मारणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आणि त्या विसावर मला कणभरही शंका आली नाही. तो वार माझाच होता, हे मला आजही छातीठोक सांगता येतं. तो हट्टानं "नाही" म्हणाला नसता, तर मला ते कधीच सांगता आलं नसतं.

मी स्वतः मात्र एकदा घाण केली. मिलिंदचं लग्न झालं त्या वर्षी आम्ही त्याला म्हटलं, तू बी खेळ ना एक डाव, मांडतो मी. त्यानं एक म्हातारा वैद्य घेतला. लहान मूल पहिल्यांदा जत्रेला जावं तसा खूश होता तो त्या दिवशी. तिसऱ्या फेरीत माझ्या राक्षसाचा चिठ्ठीत लिहिलेला फटका वैद्याच्या जीवापेक्षा जास्त निघाला, आणि मी पाच कमी करून सांगितला. मिलिंदनं पेन्सिल खाली ठेवली. "खरा किती होता?" मी सांगितलं. तो रागावला नाही. त्यानं स्वतःच्या वैद्याच्या नावावर आडवी रेघ मारली आणि एवढंच म्हणाला, "मले मरू बी देत नाहीस का बे?" मला इतकी लाज वाटली की त्यानंतर मिलिंद असेपर्यंत मी कधी मांडायला बसलो नाही.

मिलिंद गेल्यावर दोन महिने त्या खोलीत पाऊल टाकायचा आमचा धीर झाला नाही. शेवटी मागच्या आठवड्यात मिलिंदच्या बायकोनं, वैशाली वहिनींनी, स्वतः फोन केला, रविवारी कागदं घेऊन या म्हणाल्या. आम्ही दुपारी गेलो, हळू आवाजात जय भीम केला, हळूच बसलो. वहिनी शिवणक्लास चालवतात, मुळात मोठ्यानं बोलणारी बाई. त्या आमच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमी बी तसेच? भाजीवाला बी माह्यासंग हळू बोलते आता. मांडा ना तुमचे कागदं. मी बी बसतो."

पाच वर्षं स्वयंपाकघरातून ऐकून वहिनींना सगळे नियम पाठ होते. मांडायचं माझ्याकडे आलं. मी घरूनच एक अस्वल तयार करून नेलं होतं, सहा वेळा एकट्यानं लढून बघितलेलं. चिठ्ठी ताटाखाली गेली. वहिनींनी तिरंदाज घेतली, चंपा नावाची, आणि पहिल्याच फेरीत अस्वलाच्या खांद्यात बाण मारला. रिझवाननं टाळी दिली. तिसऱ्या फेरीत अस्वल चंपाकडे वळलं. सोंगटी निघाली सतरा. वार लागला. चंपाचा जीव नऊ, चिठ्ठीत लिहिलेला फटका अकराचा.

मी कागदाकडे बघत राहिलो. आठ म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. घरचा माणूस गेलेल्या बाईला पहिल्याच डावात मारायचं?

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "खरा आकडा सांगा. दोन महिने झाले, कोणी मले खरं बोलून नाही राहिलं."

"अकरा," मी म्हणालो.

मग वहिनींनी जमिनीवर थाप मारली. "अस्सं कसं! खूण कुठं दाखवली तुमी? खुणेबिगर अंगावर येते का अस्वल?" मी म्हणालो, मोहाच्या झाडाची साल सोललेली सांगितली होती. "बताया था भाभी," रिझवान म्हणाला. "मंग पळाची वाट?" तीही नाल्याच्या बाजूनं होती. दहा मिनिटं त्या माझ्याशी भांडल्या, एकेक नियम काढून, बोट नाचवत, आणि मीही हट्टाला पेटून भांडलो. शेवटी त्यांनी ताटाखालची चिठ्ठी ओढली, वाचली, आणि मानली.

आवाज ऐकून शेजारच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या दारात आल्या. "काय झालं व वैशाली?"

"काही नाही काकू, या भाऊजीनं मले मारलं!" वहिनी ओरडून म्हणाल्या, आणि भूपेशच्या हातातून कोरा कागद ओढून त्यावर नव्या बाईचं नाव लिहायला लागल्या.