गल्ल्यावरची खुर्ची

कपडे दुरुस्तीच्या त्या दुकानात मशिनी दोनच. एकीवर थोरली जाऊ, दुसरीवर धाकटी. थोरलीचा हात असा साफ, की घातलेला टाका तिचा तिलाही सापडू नये. पण सध्या कौतुक चाललं होतं धाकटीच्या जिभेचं. दोरा महागला, वीज महागली, मालकाने दर वाढवले. दर ऐकला की गिऱ्हाईक कपडे काखेत मारून चालू पडायचं. धाकटी मात्र इंग्रजीच्या शिकवणीतून वाक्यं उचलून आणायची. "काय करता साहेब! इंग्रजीत म्हणतात ना, एकेका वस्तूला हल्ली एक हात न् एक पाय मोजावा लागतो!" गिऱ्हाईक हसायचं अन् पाकीट काढायचं.

मालक म्हणाला, "तुमच्यातल्या एकीला आता गल्ल्यावर बसवतो. पगार सवाई."

थोरली जळफळली. बारा वर्षं मान मोडून शिवलं हिने, आणि खुर्ची त्या चुरूचुरू बोलणारीला? तिने धाकटीच्या पिशवीतली वही लांबवली. वाक्यं मराठी अक्षरांत, खाली अर्थ. महागाई आली की पट्टा आवळायचा, म्हणजे खर्च कमी करायचा, 'टाइटन द बेल्ट'. पाय मशिनीवर, तोंडाने घोकंपट्टी. तोंड 'आवळा' म्हणत होतं, तसा हातही मशिनीवरची पँट आवळत गेला.

संध्याकाळी जाडे मास्तर पँट न्यायला आले, घालून बघायला पडद्याआड गेले. मालकाच्या देखत थोरली पुढे सरसावली. वाक्य अगदी ओठांवर. तेवढ्यात पडद्याआडून मास्तर ओरडले, "अहो बाई, कंबर दोन बोटं सैल करायला दिली होती! ही तर बटणाला पोचेना!"

थोरली घाईघाईने टेप शोधू लागली.

धाकटी उठली. "मास्तर, महागाई बघून आमच्या ताईंनी तुमचाच पट्टा आवळला! इंग्रजीत असंच म्हणतात. बसा, आम्ही आत्ता सैल करून देतो."

मास्तर एवढे हसले, की पडदा हलला. टाके उसवले थोरलीनेच. आतलं जादा कापड कापून टाकायची तिला सवय नव्हती, एवढंच नशीब. मास्तर नवा दर निमूट देऊन गेले, आणि मालकाने धाकटीला गल्ल्याची किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी खुर्चीतून हाक आली, "ताई, माझी वही पाहिलीत का हो?"

"मला मेलीला काय करायचीय तुझी वही!" थोरली म्हणाली, आणि मांडीखालची वही अजून आत सरकवली. चार पानं घोकायची राहिली होती.