कडावची सकाळची फेरी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मी एरवी काही लपवत नाही. सांगायला बसलो की मी दुसरंच काहीतरी सांगत सुटतो. आजही तसंच होईल कदाचित. आधी वहिनीबद्दल सांगतो. तिच्याबद्दल बोलताना माझी जीभ अडखळत नाही.

दादाचा आणि माझा चौकला टॅक्सीचा धंदा होता. मुंबई-पुणे रस्त्याला लागून ऑफिस, पुढे ओळीनं उभ्या गाड्या, सीटवर रोज धुतलेली पांढरी कव्हरं. कर्जतचे वकील, डॉक्टर, खोपोलीच्या कारखान्यांतले साहेब, असं आमचं गिऱ्हाईक. कागदपत्रं दादा बघायचा, गाड्या आणि ड्रायव्हर माझ्याकडे. मला त्या गाड्यांचा फार अभिमान. गाड्यांचा म्हणजे — खरं सांगू? — गाड्यांत कोण बसतं, त्याचा.

वहिनी कडावची. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन आली तरी माहेरची बोली तिनं सोडली नाही, आणि कुणी हसलं तरी तिला त्याचं काही वाटायचं नाही. एके दिवशी आम्हा दोघांना जेवायला वाढता वाढता ती दादाला म्हणाली, "अवो, एक टेंपो घेऊ या आपण. बाकं टाकून. कडाव, कर्जत, चौक. भाडं कमी ठेवायचं."

दादा म्हणाला, "आणि आपल्या गाड्यांतली माणसं त्यात जाऊन बसली तर?"

"बसू देत की. आपल्याच टेंपोत बसतील ना? आपण नाय काढला तर दुसरा कुणीतरी काढंल. मंग त्याच्यात बसतील."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "वहिनी, सोनारानं दुकानात पितळ मांडायचं का? नाव जाईल आपलं."

ती चिडली नाही. माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "भाऊजी, माझ्या आयेनं जन्मात कदी तुमच्या गाडीत पाय नाय ठेवला. दुधाची कासंडी डोक्यावर घेऊन चालत जाते ती कर्जतला. टेंपो काढून तुमचं कुठलं गिऱ्हाईक जाणार हाय? ती तर तुमचं गिऱ्हाईक नवतीच कदी."

दादा हसला. मीही हसलो, पण तोंडदेखलं.

टेंपो आला. मी म्हणालो, निदान नाव तरी वेगळं देऊ. वहिनी म्हणाली, तेच नाव लिवा, लाजायचं काय त्यात? आणि ड्रायव्हर म्हणून तिनं हमीद मागितला. हमीद कर्जतचा, आमच्याकडचा सगळ्यांत चांगला ड्रायव्हर. त्याच्या हातात गाडी असली की मागं बसलेला माणूस झोपी जायचा. मी म्हणालो, टेंपोला कशाला हमीद? तर म्हणाली, "स्वस्त हाय म्हणून टाकाऊ द्यायचं व्हय?"

आज विचार करतो तेव्हा वाटतं, धंदा म्हणजे काय ते आमच्या घरात तिला एकटीलाच कळलं होतं. पहिले काही दिवस ती स्वतः टेंपोत बसून फिरली. कडावच्या नाक्यावर उतरून एकेकीला नावानं हाक मारायची, "ये गं सखू, चढ. चालत काय जातेस?" बायका लाजत चढल्या. मग सवयीनं चढू लागल्या. सकाळच्या फेरीला दुधाच्या कासंड्या, भाजीच्या पाट्या, कर्जतच्या शाळेत जाणाऱ्या पोरी. टेंपो भरून यायचा. मला बरं वाटायला हवं होतं, नाही का?

कर्जतचे एक वकील होते, आमचं जुनं गिऱ्हाईक. एकदा चौकला टेंपो थांबला आणि त्यातून, पाट्यांच्या मधून वाट काढत, हे काळ्या कोटातले वकीलसाहेब उतरले. मला बघून मोठ्यानं म्हणाले, "अरे, तुमचाच आहे ना? मग काय हरकत आहे! छान सोय केलीत." खुशीत होते ते. आणि मला मात्र कुणीतरी चारचौघांत थोबाडीत दिल्यासारखं झालं. वहिनी म्हणाली होती तसंच घडलं होतं — माणूस आमच्याकडेच राहिला होता. ते मला दिसलं नाही. दिसलं, पण मला ते नको होतं.

आता इथवर आलोच आहे, तर सांगून टाकतो.

लोधिवलीला एका घरी लग्न होतं. वऱ्हाडाच्या जेवणाची भांडी न्यायला त्यांना गाडी हवी होती. भाड्याचा ट्रक सहज मिळाला असता. मी सकाळी लवकर हमीदला म्हणालो, "आज कडावला जाऊ नकोस. भांडी घेऊन लोधिवलीला जा."

तो म्हणाला, "छोटे शेठ, बायका उभ्या असतील."

"वहिनीनं कळवलंय त्यांना," मी म्हणालो.

कुणी कळवलं नव्हतं. वहिनीला तर माहीतसुद्धा नव्हतं. बायका उन्हं चढेपर्यंत नाक्यावर उभ्या राहिल्या, मग चालत निघाल्या. चैत्राचे दिवस. दूध वाटेतच नासलं. काहींनी ते रस्त्याकडेला ओतून दिलं. एकदाच केलं असतं तर चूक म्हणता आली असती. हमीदनं विचारलं, तर म्हणालो, निरोप पोचला नसेल. त्याच महिन्यात मी ते पुन्हा केलं, आणि पुन्हा.

शेवटी कडावहून निरोप आला. दादानं हमीदला ऑफिसात बोलावलं. वहिनीही येऊन उभी राहिली.

"का नाय गेलास रं?" तिनं विचारलं.

हमीद माझ्याकडे वळला. सरळ मनानं वळला, मी सांगेन म्हणून. "छोटे शेठ, तुमीच सांगितलंत ना?"

मी म्हणालो, "मी? मी कधी सांगितलं?"

एवढंच बोललो. आवाजही चढवला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता — त्याला माझीच लाज वाटत होती. मग त्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. दादानं त्याला थांबवलं नाही.

वहिनी दुसऱ्या दिवशी कडावला गेली. घरोघर गेली. हमीदचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही, असं मला नंतर कळलं. "चूक आमच्या घरची हाय," म्हणाली, "माफी करा." तिला काय कळलं होतं? मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

नवा ड्रायव्हर आला. मी मुद्दाम कच्चा बघून दिला. बायकांचा भरवसा एकदा गेला तो गेला. पावसाळ्याआधी टेंपो विकला, आणि जेवताना मी दादाला म्हणालो, "बघ, मी म्हणत होतो." वहिनी तेव्हा वाढत होती.

पुढं हमीदनं मेहुण्याबरोबर स्वतःचा टेंपो घेतला. तीच वाट, तीच सकाळची फेरी, कधी न चुकवलेली. बायका परत आल्या. मागोमाग वकील आले, डॉक्टरांचा कंपाउंडर आला, मग डॉक्टरही. एकाचे दोन टेंपो झाले, दोनाचे चार. आमच्या गाड्या एकेक करून गेल्या. आता त्याच ऑफिसात माझं टायरचं दुकान आहे. हमीद टायर माझ्याकडूनच घेतो. अजून मला छोटे शेठ म्हणतो, चहा पितो, माझ्या पोरांची चौकशी करतो. इतका मोठा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि हे मी त्याला कधी म्हटलेलं नाही.

दादा आता थकला आहे, फारसा बाहेर पडत नाही. गेल्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. वहिनी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. जुन्या गाड्यांची गोष्ट निघाली, आणि दादा म्हणाला, "तेव्हा हमीदनं दगा दिला नसता, तर आज ते सगळे टेंपो आपले असते. नाही का रे?"

वहिनीचा हात सुपात थांबला. तिनं वर पाहिलं नाही.

मी म्हणालो, "हो."