लोखंडी टेबलावरचा नकाशा

माझ्या भाचीची मुलगी कोपऱ्यावर दूध आणायला गेली तरी भलत्याच गल्लीतून परतते. घरात तिला ‘भोवरा’च म्हणतात. या भोवऱ्याने विद्यापीठात संख्याशास्त्राच्या जोडीला दुय्यम विषय कोणता घ्यावा? तर भूगोल!

तिचा बाप, म्हणजे माझा भाचेजावई, लोखंडी खिडक्या बनवतो. हसून हसून त्याची पुरेवाट झाली. “मावशी, जिला स्वतःचं घर सापडत नाही, ती नद्या-डोंगर शोधणार!” मग लेकीकडे वळून म्हणाला, “प्रात्यक्षिकात आपटलीस तर भूगोल बंद. मुकाट्याने हिशेबाचा विषय घ्यायचा.”

पोरीचा चेहरा एवढासा झाला. नकाशांचं तिला वेड. चुकणाऱ्यालाच नकाशाची किंमत कळते, म्हणते. खोटं नाही ते.

प्रात्यक्षिक म्हणजे आपल्या गल्लीचा नकाशा. टेबलावर कागद पसरायचा, होकायंत्राने उत्तर ठरवायची आणि नेम धरून एकेक घर आखायचं. नकाशा द्यायच्या आदल्या दिवशी ती मला दाखवायला आली. रेषा सुरेख. मी चष्मा चढवला.

“ही माझ्या स्वयंपाकघराची खिडकी? उत्तरेला?”

“होकायंत्र तसंच सांगतंय, आजी.”

“आणि सकाळचं ऊन माझ्या ओट्यावर काय उत्तरेकडून येतं? टेबल कुठे मांडलं होतंस?”

“बाबांच्या दुकानासमोर. त्यांचंच घेतलं, मस्त सपाट आहे...” बोलता बोलता तिने कपाळावर हात मारला. “अगं आई गं, लोखंडी!”

सुई टेबलाकडे ओढली गेली आणि अख्खी गल्ली फिरली. रडायला बसली असती, तर मी दोन शब्द सुनावले असते. पण तिने माझं शिवणाचं लाकडी टेबल उचललं आणि थेट रस्त्याच्या मधोमध मांडलं. बापाला खुणेची काठी धरून उभं केलं. तो कौतुकाने कागदात डोकावायला आला, तशी ओरडली, “बाबा, लांब व्हा! खिशात पाना आहे तुमच्या!”

स्कूटरवाले शिव्या घालत होते. हा मात्र काठी धरून ताठ उभा. “थांबा जरा, मोजणी चाललीय!”

पास झाली. हिशेबाच्या विषयाचं नाव आता बाप काढत नाही, उलट गिऱ्हाइकाला सांगतो, “खिडकीला ऊन कुठून येईल? थांबा, आमच्या भूगोलवालीला विचारतो.”

निकाल सांगायला भूगोलवाली धावत आली. शेजाऱ्यांच्या दारावर धाडधाड थापा मारत होती. मीच बाहेर येऊन ओरडले, “अगं भोवऱ्या, इकडे!”