जिनिंगच्या फाटकावरचा कर्णा

माझा आवाज चांगला आहे. धुळ्याच्या देवपुरात कुठल्या शाळेचं संमेलन असो, कुणाचा सत्कार असो, माईकपुढे मलाच उभं करत. त्या आवाजात मी जन्मभर पुष्कळ बोललो. ही एक गोष्ट मात्र त्याने कधी उच्चारली नाही — बायकोजवळ नाही, एकटा असताना पुटपुटूनही नाही. आत्ता लिहितो आहे तेही दाराला कडी लावून. घरात कुणी नाही, तरी.

मुंबईत दंगल झाली त्या हिवाळ्यातली गोष्ट. धुळ्यात रोज माणसं उतरत होती. कुणी रेल्वेने, कुणी ट्रकच्या मागे बसून, आग्रा रोडने. ज्यांचं इथं कुणी होतं ती नातेवाइकांकडे गेली. उरलेल्यांना आम्ही एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये ठेवलं. भिंतींना अजून सरकीचा वास होता, पोरं कपाशीच्या धुळीने खोकायची. 'आम्ही' म्हणजे काही शिक्षक, एक डॉक्टर, दोन वकील. त्यात निवेदन करणारा मी.

पत्रकात आम्ही 'निर्वासित' असा शब्द घातला होता. शमीम नावाची एक बाई होती, तिला तो कुणीतरी समजावून सांगितला. ती हसली. म्हणाली, "निर्वासित तो बाहर मुलुक के रहते ना सर? मेरी तो शादीच आझादनगर में हुई, यहां से तीन गल्ली पे." तिचं हसणं मला आठवतं. आठवू नये असं फार वाटतं.

शमीमचं म्हणणं थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिचा नवरा रफिक मुंबईत फर्निचरला पॉलिश करायचा. वस्ती रिकामी होऊ लागली तेव्हा त्याने तिला आणि लहान मुलीला ट्रकमध्ये चढवलं, खोलीला कुलूप लावून येतो म्हणून मागे वळला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. तिचा भाऊ युनूस धुळ्यातच यंत्रमागावर काम करायचा. बहिणीला तो आपल्या घरी नेत नव्हता असं नाही — त्याच्याकडे एकाच खोलीत सात माणसं होती. तो एकदा मुंबईला जाऊन दोन हॉस्पिटलं पाहून आला. पुन्हा संचारबंदी लागली म्हणून परतला. एक मोठं हॉस्पिटल राहिलं होतं. येत्या सोमवारी तो ते बघायला जाणार होता. मागाच्या मालकाकडून त्याने रजाही घेतली होती.

हे सगळं मला ठाऊक होतं. त्याने स्वतः मला सांगितलं होतं.

मदत येत नव्हती. थंडी होती, गोधड्या नव्हत्या. बाजारात फिरलो तर ओळखीचा एक भुसारवाला म्हणाला, "मास्तर, तुम्हाला दुसरं काही काम नाही का? ही माणसं आपली कधी झाली?" अगदी हसत म्हणाला, वर चहा पाजला. तेव्हा डॉक्टरांनी तोडगा काढला. एक मोठा नट नाटकाच्या दौऱ्यावर जळगावला आला होता. त्याचं नाव लिहीत नाही. तो आता नाही, आणि चूक त्याची नव्हती. जळगावच्या प्रयोगानंतर दोंडाईच्याला त्याच्या हस्ते कसलंसं उद्घाटन होतं. तिथून त्याला गाडीने धुळ्याला आणायचं, मैदानावर संध्याकाळी सभा घ्यायची. तो एका शब्दाने हो म्हणाला. मानधन तर नाहीच, हारही नको म्हणाला, हाराऐवजी चादर आणा म्हणाला.

आणायला मी गेलो.

निघण्यापूर्वी मी आणखी एक गोष्ट केली. माईकवाला प्रल्हादभाऊ मैदानावर कर्णे बांधत होता. मी त्याला म्हटलं, जिनिंगच्या फाटकावरही एक बांध. शेडमधल्या बायकांना सभेला येता येणार नाही, पण आपल्यासाठी इतका मोठा माणूस बोलतोय हे त्यांना ऐकू तरी येऊ दे. प्रल्हादभाऊ तार ओढत म्हणाला, "चिंता करू नका सर, बठ्ठं ऐकू यी." बायकांना सगळं ऐकू येणार म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

दोंडाईच्याहून निघालो. तो मागच्या सीटवर माझ्या शेजारी. पडद्यावर इतका मोठा दिसणारा माणूस, आणि इथं गुडघ्याला गुडघा लागलेला. सोनगीरला चहाला थांबलो. तांब्या-पितळेच्या दुकानांतून माणसं बाहेर येऊन बघायला लागली — आणि त्या बघण्यात मीही होतो, त्याच्या बाजूला उभा. एवढ्याशाने माणूस बदलतो? बदलतो. मी बदललो.

पुन्हा गाडीत बसल्यावर त्याने मला समजावलं. "मास्तर, किती कुटुंबं, किती पोती, ते तुम्ही सांगा. मला एक माणूस द्या. एक. लोक आकड्यांसाठी खिशात हात घालत नाहीत."

मी शमीम सांगितली. ट्रक सांगितला, मुलगी सांगितली, कुलूप लावायला मागे गेलेला रफिक सांगितला. तो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "पुढे?"

पुढे काय? पुढे काहीच नव्हतं. मी म्हटलं, बेपत्ता आहे.

"हं," तो म्हणाला. "बेपत्ता." आणि खिडकीबाहेर बघायला लागला. त्याने मला काही वाढवून सांगायला सांगितलं नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. तो फक्त खिडकीबाहेर बघायला लागला. आणि मला वाटलं — माझ्यातला त्याचा रस संपला. मघाशी गुडघ्याला गुडघा लागलेला माणूस निघून चालला. ते मला सहन झालं नाही. बस, एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली.

मी म्हणालो, "म्हणजे... बेपत्ता असं आम्ही तिच्यापुढे म्हणतो. मारला त्याला. कुलपाची किल्ली हातातच होती."

किल्ली! ती कुठून आली मला?

त्याने झटकन वळून पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं ते, अभिनय नव्हता. त्याने विचारलं, "तिला माहीत नाही?" मी घाबरलो. आता मागे कसं जायचं? म्हणालो, नाही, आज सकाळीच कळवलं तिला. "नाव घेतलं तर चालेल? नक्की विचारलंय?" मी म्हणालो, विचारलंय.

नगाव मागे पडलं, देवपूर आलं. अजूनही वेळ होता. पांझरेचा पूल येईपर्यंत वेळ होता. मी तोंड उघडलं नाही. फाटकावरचा तो कर्णा मला आठवला नसेल का? इथं खरं सांगायला पाहिजे. मैदानात शिरताना आठवला. प्रल्हादभाऊला नुसतं जाऊन सांगायचं होतं — ती तार काढ. पण त्याने कारण विचारलं असतं. आणि मला निवेदनाला उभं राहायचं होतं.

तो बोलला. मी तसं बोलणं पुन्हा ऐकलं नाही. शमीमचं नाव घेतलं, रफिकचं घेतलं, पॉलिशने पिवळी झालेली बोटं सांगितली, आणि मुठीतली किल्ली. मग स्वतःच्या अंगावरची शाल काढून दोन टोकं हातात धरली आणि स्टेजवरून खाली उतरून गर्दीत शिरला. लोकांनी काय दिलं नाही? गोधड्या, स्वेटरं, दादर ज्वारीची पोती. एका म्हातारीने कानातलं काढून टाकलं. तो भुसारवालाही आला होता. मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, सकाळी गाडी पाठवतो. गव्हाची." माझ्या पाठीवर थापा पडत होत्या. मी हसत होतो. कान मात्र जिनिंगकडे लागलेले.

सभा संपल्यावर नट परस्पर निघून गेला, पुढच्या गावी प्रयोग होता. गोधड्यांची गाडी घेऊन मला जिनिंगवर जावं लागलं. डॉक्टर बरोबर होते म्हणून गेलो, नाहीतर गेलो नसतो.

बायकांनी शमीमच्या बांगड्या उतरवल्या होत्या. ती भिंतीला टेकून बसली होती, मुलगी मांडीवर झोपलेली. रडत नव्हती. युनूस दारातच भेटला. माझा हात धरून मला बाजूला नेलं. मला वाटलं, मारतो आता. मारलं असतं तर!

"सर, तुम्ही होते ना गाडीत. साहेबांना कोणी सांगितलं?"

आता बघा. अजूनही सगळं परत घेता येत होतं. शेवटची वेळ होती ती. सगळ्यांपुढे फजिती झाली असती, समितीतून काढलं असतं, शाळेत तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण परत घेता येत होतं.

मी म्हणालो, "मुंबईहून खबर आली त्यांना. त्यांची तिकडे मोठ्या लोकांत ओळख असते."

"मग मय्यत? आणायला जातो मी."

"दफन झालं," मी म्हणालो. "तिकडच्या लोकांनीच केलं. नीट केलं."

त्याने माझा हात सोडला. मग म्हणाला, "एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल." आणि मागाच्या मालकाकडे जाऊन रजा परत केली. सोमवारी तो मुंबईला गेला नाही. मला काय वाटलं, सांगू? सुटलो असं वाटलं. तो गेला असता आणि रफिक कुठेतरी सापडला असता, तर माझं खोटं उघडं पडलं असतं — म्हणून त्या सोमवारी मी मनात काय मागत होतो, ते इथं लिहायला माझा हात धजत नाही. पण तुम्हाला कळलं असेल.

बरेच दिवस गेले. शमीम विधवेची इद्दत पाळत होती, परक्या पुरुषापुढे येत नव्हती. एक दिवस मुंबईहून रफिकचा शेजारी आला. धुळे एवढाच पत्ता त्याच्यापाशी होता, विचारत विचारत जिनिंगवर पोचला. मी तिथं धान्य वाटत होतो. त्याने युनूसला सांगितलं ते मी ऐकलं. रफिक हॉस्पिटलात होता. जे पाहायचं राहिलं होतं, त्याच. डोक्याला मार होता, आधी नावही सांगता येत नव्हतं. मग बोलायला लागला. शेजारी त्याला भेटून यायचा, तेव्हा दर वेळी तो एकच विचारायचा, धुळ्याहून कोई आया क्या? युनूस जाणार होता तो सोमवार उलटल्यावर ताप चढला. त्या आठवड्यात गेला.

युनूस म्हणाला, "पण तो तर आधीच..." आणि थांबला. पडद्याआडून शमीमचा आवाज आला. "सर, फिर साहब को कैसे मालूम पडा?"

मी म्हणालो, "मोठ्या माणसांना चुकीची माहिती मिळते कधीकधी."

मोहल्ल्यात पुढे हेच झालं. नट शेवटी, नाटक करून गेला, असं लोक बोलायचे. मी ते बोलू दिलं. त्या माणसाने नंतर एकदा शाळेत फोन करून विचारलं, मास्तर, ती बाई कशी आहे? मी म्हणालो, बरी आहे, तुमची आठवण काढते. तो बिचारा खूश झाला. त्यानंतर जिथं जिथं आपत्ती आली तिथं लोक मला बोलावत — तुमची मोठ्या लोकांत ओळख आहे, कुणाला तरी आणा. मी आणत होतो. माईक हातात घेतला की कर्णे कुठवर बांधलेत ते मी आधी बघून घ्यायचो, मग एकेक शब्द जपून बोलायचो. लोक म्हणत, सर किती मनापासून बोलतात.

शमीम धुळ्यातच राहिली. शिलाईकाम करून मुलगी वाढवली. रस्त्यात भेटली की मुलीला म्हणते, सरांना सलाम कर, यांनी आपल्याला त्या वेळी गोधडी दिली. मुलगी सलाम करते. तिचे डोळे कुणासारखे आहेत मला माहीत नाही, मी रफिकला कधी पाहिलं नव्हतं. बाजारात त्या दोघी लांबून दिसल्या तर मी गल्ली बदलतो. कधी बदलता येत नाही.

रफिक जिवंत आहे की मेला, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मी मेला म्हणून सांगितलं. तो जिवंत होता, आणि धुळ्याहून कुणी येईल म्हणून वाट बघत होता. येणाऱ्याला मी थांबवलं. साहेबांना कोणी सांगितलं, असं युनूसने विचारलं होतं. मी सांगितलं.