मॅडमचा चष्मा आणि आमचा बांध

मॅडम रागावण्याआधी चष्मा काढत. तो पदराला पुसत, घडी घालून पर्समध्ये ठेवत, पर्सची चेन ओढत आणि मग फुटत. रागाच्या भरात टेबलावर आपटून त्यांनी आधीचे दोन चष्मे गमावले होते म्हणे, म्हणून ही खबरदारी. विजेआधी ढग तरी दिसतात. इथे फक्त चेन वाजायची. ती वाजली की पहिला बाक मागे सरकायचा आणि मागचा बाक खिडकीकडे बघू लागायचा.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका कॉलेजात त्या आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. मातीचं पाणी काचेच्या बशीत पसरायचं आणि पुढे उगवतील ते जिवाणूंचे ठिपके मोजायचे, असं आमचं प्रॅक्टिकल. पांढऱ्या ठिपक्यांची नुसती जत्रा भरायची. कडेला एखादाच जांभळा, एखादाच शेंदरी. मी जर्नलमध्ये पांढरे मोजून लिहिले आणि खाली टाकलं, ‘इतर : नगण्य’.

चेन वाजली.

“नगण्य? कोणी ठरवलं? तू? अरे गाढवा, गर्दी रोजचा स्वयंपाक करते. संकट आलं की हे थोडके उठतात. गावात साप धरणारा एकच असतो. वर्षभर पारावर विड्या ओढत बसलेला दिसतो, म्हणून त्याला हाकलून देशील? आणि मग साप निघाला की कोणाला बोलावशील, तुझ्या बापाला?”

माझा बाप साप दिसला की आंब्यावर चढायचा, हे मी त्या वेळी सांगितलं नाही.

हा बाप म्हणजे तात्या. मखमलाबादला आमचा मळा. झेंडू आणि भाजीपाला. शेजारचा मळा तात्यांच्या सख्ख्या भावाचा, नानांचा. मधे बांध. नांगरताना दोघेही फाळ हळूच बांधात घुसवायचे आणि मग तू कोरला की मी कोरला यावरून वर्षभर भांडायचे. मॅडमना हे कळलं आणि एका रविवारी त्यांची लुना मळ्यात आली.

तपासायला माती न्यायची तर बांधाची घेऊ नये, असा सगळीकडचा नियम. मॅडम थेट बांधावरच फतकल मारून बसल्या.

“ओ मॅडम, वावर हिकडं हाय,” तात्या म्हणाले. “तिथं काय नाय. गवताची माती ती.”

“वावरात औषधं ओतून ओतून तुम्ही सगळं एकसारखं करून टाकलंय, तात्या. वेगळं जे काही उरलंय, ते जीव मुठीत धरून इथे बसलंय.”

त्या वर्षी झेंडूवर मर आली. उभी रोपं माना टाकू लागली. मॅडमनी मला कामाला जुंपलं. अर्ध्या वावरात मेलेली रोपं उपटून नवी लावायला लावली आणि प्रत्येकाच्या मुळाशी ओंजळभर बांधाची माती. दसऱ्याला तो अर्धा पिवळाधमक उभा होता, उरलेला अर्धा आडवा. तात्यांनी आभाळाकडे बघून हात जोडले, “देवाची कृपा!” चेन वाजली. “देवाला मधे आणू नका. मातीत ठेवलं होतं त्यानं सगळं. बांध कोरायला काय तो येतो?”

आणि मग आमच्या घरात आक्रीत घडलं. भावांचा समेट झाला! नानांच्या मुलीच्या लग्नात दोघे गळ्यात पडून रडले आणि त्या भरात ठरलं की आता बांधच नको, एकच वावर करू. जेसीबी आला. मळ्यात जिलबी वाटली. मॅडमना निरोप मी दिला होता. त्या आल्या, आईने जिलबीची बशी पुढे केली, आणि चेन वाजली.

“भांडत होतात तेच बरं होतं! इतकी वर्षं एकमेकांच्या उरावर बसलात, त्यातून हे एवढं एकच चांगलं काम झालं. आता प्रेमाला भरती आलीय तर मिठ्या मारा, लाडू वळा! माझ्या बांधावर का उठलात?”

“तुमचा बांध?” नाना हसले. “ओ मॅडम, सातबारा आमचा हाय.”

मॅडम थांबल्या. पर्स उघडली, चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. असा उलटा कारभार मी पहिल्यांदाच पाहत होतो. आवाज एकदम साखरेचा.

“खरंय नाना, तुमचंच आहे. मी सहज विचारते. बांधावरची ही सीताफळं आता कोणाची?”

“माझीच की,” तात्या म्हणाले.

“तुझी?” नानांनी जिलबी खाली ठेवली. “लावली कोणी?”

“पाणी कोणी घातलं?”

पुढचं सांगायला नको. जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं, जिलबी खाल्ली, आणखी एक मागून घेतली आणि निघून गेला.

“मॅडम, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि भावाभावांत काडी लावली?” आई चिडून म्हणाली.

“लावली,” मॅडम जिलबी मोडत म्हणाल्या. “भाऊ पुन्हा एक होतील. बांध पुन्हा होणार नाही.”

भाऊ दिवाळीलाच एक झाले. सीताफळांचा निकाल मात्र दोघांच्या हयातीत लागला नाही, त्यामुळे बांध टिकला.

कॉलेजात मॅडमचं काही टिकलं नाही. त्या निवृत्त झाल्या आणि लगेच कुठलीशी तपासणी समिती येणार म्हणून साफसफाई निघाली. जन्मभर जपलेले त्यांचे जांभळे-शेंदरी ठिपके, नळ्यांसकट फेकून दिले. शेल्फ रिकामं दिसू नये म्हणून तिथे प्लास्टिकची फुलं ठेवली. समितीला फुलं आवडली म्हणे! हे आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. आता ते थोडके उरले ते आमच्या बांधात.

आणि तोही जायची वेळ आली. तात्या गेले, नाना गेले, नानांच्या मुलांनी त्यांचा मळा बिल्डरला विकला. त्याला भिंत घालायला बांध हवा होता. मी मॅडमकडे धावलो. त्या अंथरुणाला खिळलेल्या. सगळं सांगितलं आणि चेन वाजायची वाट बघत बसलो. पर्स खुंटीला होती. चष्मा डोळ्यांवरच राहिला.

“पर्स देऊ का?” मी विचारलं.

“नको रे. आता धाप लागते,” त्या म्हणाल्या. “आता तू रागाव.”

ती शेवटची भेट. महिनाही झाला नाही, त्या गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळी बांधाशी जेसीबी उभा. बिल्डरचा माणूस हसतमुख. “दादा, कशाला ताणता? केवढीशी ती पट्टी, असून नसल्यासारखी. गवत आणि चार झाडं. आहे काय तिच्यात?”

मी जन्मभर लोकांना हसवत आलेला माणूस, रागावण्याची सवय नाही. नाकावरची चाळिशी काढली. सदऱ्याला पुसली. घडी घालून खिशात ठेवली.

तो माणूस हसतच होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? पण सीताफळाखाली उभी असलेली माझी म्हातारी आई झटकन दोन पावलं मागे सरकली.