या सालापुरती कुदळ

आमच्या शहरात महाराज आणि मौलवी एका बाकावर बसले, ही गोष्ट लोक अजून कौतुकानं सांगतात. मला ते कौतुक सांगू नका. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी पहिला पाय माझ्या छातीवर ठेवला.

मी माळी. शाळेत दुसरीपुढं गेलो नाही, पण आपल्या घराचा मान कोणता हे कळायला शाळा लागत नाही. मोहरमचा चांद दिसला की आशुरखान्यासमोर, म्हणजे सवाऱ्या ठेवतात त्या घरासमोर, अलावा खणायचा. अलावा म्हणजे विस्तवाचा खड्डा. मोहरमभर त्यात लाकडं जळतात आणि सवाऱ्या, म्हणजे काठ्यांवरचे पीरांचे पंजे, त्याच्याभोवती फिरतात. त्या खड्ड्याची पहिली कुदळ आमच्या घराची. माझ्या आज्याची लेकरं जगत नव्हती. त्यानं सवारीला नवस बोलला, माझा बाप जगला, आणि तेव्हापासून कुदळ आमच्याकडं आली. तिला बागेच्या कामाला कोणी हात लावत नसे. आशुरखाना सांभाळणारा पिंजारी माझ्या बरोबरीचा. तो चांद पाहून दारातून हाक मारायचा, "चाल बे माळ्या, तुह्या आज्याचं काम आलं." यात कोणी कोणावर उपकार करतो असं आमच्या मनात कधी आलं नाही.

एका साली गणपतीच्या मिरवणुकीत मशिदीपुढं वाजवण्यावरून भांडण झालं. दगड आले, डोकी फुटली. नागपूरच्या सरकारातून विचारणा आली तसे म्युनिसिपालटीचे अध्यक्ष घाबरले. ते वकील होते. त्यांनी मठातल्या महाराजांना आणि मशिदीतल्या मौलवींना बोलावून एका बाकावर बसवलं. महाराज नाशकाकडून आलेले, मौलवी उत्तर हिंदुस्थानातून. आमचं शहर दोघांनाही नवं. दोघं गोड बोलले, एकमेकांना हार घातले, आणि ठरवलं की ज्यानं त्यानं आपापला सण करावा, दुसऱ्याच्या सणात हात घालू नये. दुसऱ्या दिवशी गल्लीगल्लीतून दवंडी फिरली.

मी चिखलाच्या पायांनी तसाच म्युनिसिपालटीत गेलो. दोघं तिथंच होते. चहा चालला होता, महाराजांचा तेवढा मठातून आलेला.

"महाराज, कुदळ माह्या घरची हाये. काऊन बंद केली?"

"अरे, तू हिंदू ना?" महाराज म्हणाले. "मग त्यांच्या खड्ड्याशी तुला काय करायचं?"

"माहा बाप त्या खड्ड्यानं जगला. तुमच्या मठानं नाही."

मौलवी समजुतीच्या आवाजात म्हणाले, "भाई, ये आग, ये गड्ढा, हमारे मजहब में भी नहीं है. तुम काहे को जिद करते हो?"

म्हणजे एकाला मी चालत नव्हतो आणि दुसऱ्याला खड्डाच चालत नव्हता. दोघांचं एकमत झालं ते माझ्यावर.

वकीलसाहेब म्हणाले, "शहराच्या शांततेसाठी एवढं सोसा."

"शांतता शहराची अन् सोसाचं म्या? तुम्ही तिघांनी काय सोडलं ते सांगा."

शिपायानं दंडाला धरून मला बाहेर काढलं.

मोहरमचा चांद दिसला. पिंजाऱ्याची हाक आली नाही. मी न बोलावता गेलो, कुदळ घरी ठेवून. आशुरखान्यासमोर गर्दी होती. वकीलसाहेब, महाराज, मौलवी आणि बरोबर जमादार, सगळे शांतता कशी नांदते ते पाहायला आलेले.

"हं, करा सुरू," वकीलसाहेब पिंजाऱ्याला म्हणाले.

"कुदळ त्याच्या घरी असते साहेब."

त्यांनी सडकेच्या कामावरची कुदळ आणवली. पिंजाऱ्यानं ती हातात घेतली नाही. "हिच्यानं सडक खना साहेब. अलावा नाही खनत."

"मौलवीसाहेब, तुम्ही समजवा."

मौलवी म्हणाले, "न खोदे तो बेहतर."

मोहल्ल्यातल्या बाया हे ऐकून उसळल्या. एक म्हातारी बांगडीवाली मौलवीसमोर येऊन उभी राहिली. "तू कल आया. मेरे बच्चे इस अलावे की राख लगाके बड़े हुए. तू हमको सिखाता?" तिच्यामागं माणसं सरकली. जमादारानं काठी सावरली. महाराज मौलवीच्या कानाशी लागले, मग वकीलसाहेबांच्या. वकीलसाहेब हसत माझ्याकडं आले, खांद्यावर हात ठेवला.

"माळीबुवा, दोघांचीही संमती आहे. या सालापुरती मारा तुम्ही कुदळ."

पिंजाऱ्याचा चेहरा खुलला. "जाय बे, आन लवकर."

मी हललो नाही. "या सालापुरती?"

"पुढचं पुढं पाहू."

"आज्यापासूनची कुदळ तुमच्या परवानगीनं मारू? दवंडी ज्या गल्ल्यांनी फिरली त्याच गल्ल्यांनी पुन्हा फिरवा. डफडं वाजवून सांगा, माळ्याचा मान माळ्याचा हाये. मंग आनतो."

"मग म्युनिसिपालटीची इज्जत काय राहिली?" वकीलसाहेब म्हणाले. महाराज म्हणाले, "माजला आहे." मौलवी जपमाळ ओढत राहिले. त्यांचं काम आपोआप होत होतं.

पिंजारी जवळ येऊन हळू म्हणाला, "भाऊ, आज मार, उद्या भांड. एकडाव अलावा राह्यला त मंग होत नाही. मौलवी वाटच पाहून राह्यले."

"दवंडी फिरली तवा तू काऊन नाही बोलला?"

"मले मोहल्ल्यात राह्याचं हाये."

"मंग राह्य," मी म्हणालो आणि घरी आलो.

त्या साली अलावा झाला नाही. सवाऱ्या सपाट जमिनीभोवती फिरून परत जागेवर बसल्या. पुढच्या सालीही तेच. मग त्या जागेवर म्युनिसिपालटीनं फरशी घातली. महाराज आणि मौलवी पुढं जोडीनं मिरवले. कोणी मोठा साहेब आला की दोघांना शेजारी बसवून शहराची एकी दाखवत. लोक म्हणतात, माळ्याच्या आडमुठेपणानं अलावा बुडाला. तो बाकावरच्यांनी बुडवला. मी फक्त भीक घेतली नाही. आज विचारलं तरी घेणार नाही.

पिंजारी कापूस पिंजायच्या धनुकलीची तार छेडत गल्लीतून जायचा. आमचं दार आलं की तार हातानं दाबून धरायचा आणि पुढं गेल्यावर वाजवायचा. मीही कधी थांब म्हणालो नाही. बायको म्हणायची, गाद्यांतल्या कापसाचे गोळे झाले, पिंजायला बोलवा त्याला. मी गोळ्यांवर झोपलो.