सुमनचा चुकलेला ताणा

दवाखान्यात सुमन शेवटचं बोलली ते माझ्याबद्दल न्हाय. "अवं, फ्रीजमधल्या नळ्या बदलल्या का?" मी म्हटलं, "बदलल्या गं, झोप." खरंच बदलल्या होत्या. सकाळी गेली. महिना होत आला... थकलोय आता.

सुमन माझी बायको. मी वडगावचा विणकर, शाळा चौथीपर्यंत. ती निपाणीची, मॅट्रिक होऊन आलेली. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की त्याच्या टोकाला नवा ताणा सांधतात, धाग्याला धागा. तांबडा पट्टा, पांढरा पट्टा, पुन्हा तेच. लग्नाच्या वर्षी सांधायला बसली आणि नव्या ताण्यातली एक तांबडी-पांढरी जोडी सोडून पुढच्या धाग्यांना गाठी मारत गेली. रंगाला रंग जुळतोय, मग कळणार कसं? शेवटी जुन्या ताण्याची एक जोडी तशीच लोंबत राहिली. आई म्हणाली, "शिकलेली हाय, पण मोजता येत न्हाय." ही हसली. "सगळे सारखेच दिसत्यात की, आत्ती." कापड एका जोडीनं कमी आलं. ते कोण घेणार? घरातच राहिलं.

पुढं ती कॉलेज शिकली, तिथंच नोकरीला लागली आणि यीस्टवर संशोधन करू लागली. यीस्ट म्हणजे पाव फुगवतात ते. मी विचारलं, त्यात काय बघतीस एवढं? म्हणाली, "पेशीनं काय करायचं ते सांगणारे धागे असतात आत. त्यात एकच तुकडा एकामागं एक कितीतरी वेळा येतो. दोन धागे तुटून एकमेकाला सांधताना कधी घर चुकतं. एकाला जादा, एकाला कमी. आपला ताणा आठवा." त्या तुकड्यांत तिनं एक खूण घातली होती. खूण असली तर यीस्ट वाढवायच्या काचेच्या बशीत पांढरा ठिपका वाढतो, सांधा चुकून खूण गळाली तर त्यात तांबडी पाचर दिसते.

तशा पाचरी आल्या, तर तिचे सर म्हणाले, "बशीत घाण पडलीय, टाकून द्या." ती भांडली न्हाय. परत केलं, परत तांबडं आलं, सरांचं तेच. मग आजारी पडली, तशा यीस्टच्या नळ्या घरी आणून फ्रीजमध्ये ठेवल्या. नळ्यांतलं यीस्ट जगवायला ते अधूनमधून नव्या नळीत न्यावं लागतं. तार तापवायची कशी, रेघ ओढायची कशी, मला दाखवलं. "हे मेलं तर माझं म्हणणं बी गेलं," म्हणाली.

ती गेल्यावरही मी करत राहिलो. गेल्या आठवड्यात तिच्या हाताखाली काम करणारी कॉलेजातली पोरगी नळ्या घेऊन गेली होती, ती काल आली. "आप्पा, सरांनी स्वतःच्या हातानं पेरलं. तांबड्या पाचरी आल्या. बाईंचं खरं होतं म्हणाले." मी "बरं" म्हटलं. जिला सांगायचं ती कुठाय?

नळ्या आता कॉलेजातच राहणार. ज्या फडक्यात गुंडाळून दिल्या होत्या ते तिनं परत दिलं. तेच, लग्नाच्या वर्षी एका जोडीनं कमी आलेलं. ते घेऊन बसतो, बोट फिरवून बघतो, कुठली जोडी सुटली... सापडत न्हाय. सगळे सारखेच दिसत्यात.